एका प्लगपासून दुसऱ्या प्लगपर्यंत

लोर्नाची गाडी उद्या सकाळी सुरू होईल, याची मला भीती वाटते आहे.

आमच्या हार्लन गावात असं कुणी मोठ्याने बोललं तर लोक त्याला वेड्यात काढतील. थंडीत इथला प्रत्येक माणूस सकाळी उठून एवढंच मागतो, की किल्ली फिरवल्यावर इंजिनाने आज तरी नखरे करू नयेत. इतकी वर्षं मीही तेच मागत आले, आणि आमच्या गाडीपेक्षा लोर्नाच्या गाडीसाठी जास्त. ती गाडी आली की लोर्ना येते, आणि लोर्ना आली की माझ्या मुलाचा दिवस सुरू होतो. पण उद्या ती आमच्याकडून निघून पुढे फ्रीसन म्हाताऱ्याच्या शेतावर जाणार आहे. रेडिओवर सांगतायत, पहाटेपर्यंत पारा उणे अडतीसवर उतरेल आणि मग वारा सुटेल. लोर्ना म्हणाली, "त्यात काय, जानेवारी आहे." सकाळपासून ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

लोर्ना हॅव्रिलक ही कुणी मोठी बाई नव्हे. आमच्या तालुक्याबाहेर तिला ओळखणारं कुणी नसेल. गावाच्या उत्तरेला तिच्या आजोबांनी झाडं तोडून, मुळं उपटून जमीन काढली होती. ती जमीन तिच्या भावांच्या वाट्याला गेली आणि लोर्नाच्या वाट्याला आईचं दुखणं आलं. अंग लुळं पडलेल्या आईचं सगळं तिने एकटीने केलं. आई गेल्यावर, बऱ्याच उशिरा, तिने मेट्रो नावाच्या माणसाशी लग्न केलं. तो एका हिवाळ्यापुरता पश्चिमेला तेलाच्या कामावर गेला आणि तिकडचाच झाला. त्याचा कामाचा जाड डगला तेवढा मागे राहिला. लोर्ना अजूनही गाडीखाली शिरताना तोच घालते. "नवऱ्याचा एवढाच उपयोग झाला," असं ती हसत सांगते, आणि ऐकणाऱ्याने हसावं अशी तिची अपेक्षाही असते.

ती वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात होती. तो बंद पडला तेव्हा ती घरोघरी जाऊन आजारी माणसांचं करणाऱ्या संस्थेत लागली. तिथे दोनच गोष्टी विचारतात, कंबर धड आहे का आणि गाडी धड आहे का. "कंबर देवाने दिली, गाडी भावाने विकत दिली," ती म्हणते. "दोन्ही तेव्हापासून कुरकुर करतात."

आमच्याकडे ती आली तेव्हा माझा मुलगा ब्रेडी अकरा वर्षांचा होता आणि नुकताच चाकांच्या खुर्चीत बसू लागला होता. आता तो एकोणीस वर्षांचा आहे. त्याचे स्नायू झिजत जातात. आधी पाय गेले, मग दंड, आता बोटं. रात्री तो मास्क लावून यंत्राच्या श्वासावर झोपतो. माझा नवरा ट्रेंट उत्तरेच्या खाणीत काम करतो, दोन आठवडे तिकडे आणि दोन आठवडे घरी. त्यामुळे ब्रेडीला उचलणं, धुणं, कपडे घालणं हे निम्मा महिना आम्ही दोघी बायकाच करतो. खरं सांगायचं तर लोर्ना करते आणि मी मदत करते.

"उठा महाराज," ती दार ढकलतानाच ओरडते. "राज्य कसं काय?"

"राज्य बुडालं, बॉस. तुझे हात बर्फ आहेत."

"माझे हात बर्फ, तर तुझे पाय काय? त्यात मासे ठेवले तर वसंतापर्यंत टिकतील."

मी स्वयंपाकघरात उभी राहून हे ऐकते. माझ्या मुलाला उघडं करून कुणीतरी धुतं आहे आणि तो हसतो आहे. हे किती अवघड असतं ते ज्या आईला माहीत आहे, तिला मला जास्त सांगावं लागणार नाही.

लोर्ना राहते त्या इमारतीच्या आवारात गाडीचं काम करू देत नाहीत, म्हणून दर ऑक्टोबरात थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या सोमवारी, आदल्या दिवशीचा टर्की अजून फ्रिजमध्ये असतानाच, ती आपली करडी गाडी आमच्या अंगणात आणून लावायची. येताना बटाट्याचं सारण भरलेल्या पिरोगींचा डबा, जाताना उरलेला टर्की. ब्रेडीला आम्ही गोधडीत गुंडाळून गॅरेजच्या दारात बसवायचो. तो मुकादम.

मला त्या दिवसाचं फार अप्रूप होतं. ती आधी थंडीचे टायर चढवायची. मग काच धुण्याचं उन्हाळी पाणी शेवटच्या थेंबापर्यंत उडवून टाकून न गोठणारं भरायची. बॅटरीच्या टोकांवर साचलेली पांढरी बुरशी खाण्याच्या सोड्याने, जुन्या टूथब्रशने घासायची. दारांच्या रबरांना तेलाचा हात फिरवायची, नाहीतर बर्फात ती अशी चिकटतात की दार उघडताना रबरच हातात येतं. रेडिएटरच्या पुढे कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पुठ्ठा सरकवायची, म्हणजे वारा थेट आत शिरत नाही. मग इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरची पाळी. इथे प्रत्येक गाडीच्या तोंडातून एक वायर लोंबत असते आणि प्रत्येक घराच्या बाहेरच्या भिंतीवर तिच्यासाठी सॉकेट असतं. लोर्ना प्लग लावायची आणि बॉनेटला कान लावून उभी राहायची.

"बोलते का?" ब्रेडी विचारायचा.

"थांब. लाजते आहे." मग आतून चहाच्या किटलीसारखी बारीक सूं ऐकू यायची. "हां, बोलली."

शेवटी कूलंट, म्हणजे औषध मिसळलेलं इंजिनातलं हिरवं पाणी. ते गोठलं तर फुगतं आणि लोखंड फोडतं. लोर्नाकडे काचेची एक नळी आहे, आत रंगीत गोळ्या. कूलंट वर ओढायचं आणि किती गोळ्या तरंगतात ते पाहायचं. जितक्या जास्त तरंगतील तितकी जास्त थंडी ते सोसेल.

"तरंगल्या?"

"सगळ्या. पोहायला शिकल्यात."

मग मागच्या डिकीत वाळूची गोणी, फावडं, घोंगडी आणि कॉफीच्या पत्र्याच्या डब्यात उभी केलेली मेणबत्ती, काड्यापेटीसकट. गाडी रस्त्यात बंद पडली तर बाहेर पडायचं नाही, डब्यातली मेणबत्ती उबेसाठी लावून आतच बसायचं, हे इथलं मूल चालायला लागायच्या आधी शिकतं.

मागच्या हिवाळ्याआधी तो सोमवार आलाच नाही. म्हणजे आला, पण आम्ही मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात होतो. ब्रेडीला न्यूमोनिया झाला होता. ट्रेंट खाणीतून निघाला होता, पण धुक्यामुळे विमान उडत नव्हतं. लोर्ना संस्थेकडून सुट्टी घेऊन आली आणि त्याच्या उशाशी बसून राहिली. मी झोपावं म्हणून मला रागवायची. परत आल्यावर तिने टायर घाईघाईत बदलून घेतले, बाकीचं राहिलं.

त्याआधीच्या उन्हाळ्यात कडक ऊन होतं आणि तिच्या रेडिएटरची एक नळी गळत होती. उन्हाळ्यात इथे सगळे जे करतात तेच तिने केलं. गाडी तापली की ज्याच्या दारात असेल त्याच्या बागेचा नळ घ्यायचा आणि साधं पाणी ओतायचं. जुलैत जानेवारी कुणाला आठवतो? ऑक्टोबरात ते सगळं काढून टाकायचं असतं. लोर्ना दरवर्षी काढायची. त्या वर्षी ती माझ्या मुलाच्या उशाशी होती.

थंडी वाढली तरी गाडीला काही झालं नाही, कारण हीटर रात्रभर चालायचा. मागच्या जानेवारीत तिच्या घरमालकाने विजेचं बिल कमी करायला आवारातल्या सॉकेटांना घड्याळं बसवली. अर्धा तास चालू, अर्धा तास बंद. एका रात्री तिच्या रांगेतलं घड्याळ बंदवरच अडकलं. सकाळी ती खाली गेली तेव्हा बॉनेटखाली सगळं दगड झालं होतं. आम्हाला तिने सांगितलं की थोडं गोठलं होतं, सुटलं. वसंतात मीच तिच्याबरोबर लायलच्या गॅरेजात गेले, कारण गाडीखाली हिरवा डाग पडायला लागला होता.

लायल तिच्या धाकट्या भावाचा शाळेतला मित्र. तो बराच वेळ गाडीखाली होता. बाहेर आला तो हात पुसतच राहिला.

"लोर्ना, नळी नाही गं. इंजिनाच्या ब्लॉकलाच भेग गेली आहे."

"मग सांध."

"ओतीव लोखंड आहे ते, तुझी बरणी नव्हे. चिकट औषध घालून बघतो, थोडे दिवस धरेल. पण थंड होऊन पुन्हा तापली की भेग वाढणार. एक दिवस चालता चालता सगळं पाणी खाली पडेल आणि इंजिन जागच्या जागी जाम होईल."

"कधी?"

"ते मी सांगू शकलो असतो तर गॅरेज कशाला काढलं असतं?" मग त्याचा आवाज उतरला. "गावात फिरव. गावाबाहेर नेऊ नकोस. हिच्यावर आता काही खर्च करू नकोस."

गाडीत बसल्यावर लोर्नाने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि किल्ली फिरवली नाही. दुसरी गाडी घ्यायची तिची ऐपत नाही. आमचं जे होतं ते व्हॅनमध्ये आणि तिच्यात खुर्ची चढवणाऱ्या लिफ्टमध्ये गेलं आहे. भावांचं नाव तिने काढलं नाही, म्हणून मीही काढलं नाही.

"हे तुझ्या-माझ्यात आणि लायलमध्ये," ती म्हणाली. "पॅट्रिसच्या कानावर गेलं तर माझं काम गेलं." पॅट्रिस म्हणजे संस्थेतली तिची वरिष्ठ.

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. तेव्हा वसंत होता, रस्ते कोरडे होते, आणि मला वाटलं की हिवाळ्यापर्यंत काहीतरी सुचेल. काही सुचलं नाही.

या ऑक्टोबरात तिने तो सोमवार पाळला. ती येणार नाही अशी माझी खात्री होती, पण ती पिरोगींचा डबा घेऊन आली, मेट्रोचा डगला चढवून गाडीखाली शिरली आणि एकही गोष्ट तिने सोडली नाही. टायर चढवले, रबरांना तेल लावलं, बॅटरी घासली, पुठ्ठाही नवा घातला. साधं पाणी थेंबन् थेंब काढून नवं कूलंट भरलं आणि काचेची नळी उन्हात धरून ब्रेडीला दाखवली.

"तरंगल्या?"

"सगळ्या, महाराज."

तेवढ्यात गाडीखालून हिरवा ओघळ आमच्या काँक्रीटवर येऊ लागला. सावकाश, काही घाई नसल्यासारखा. तिघांनीही तो पाहिला.

"बॉस," ब्रेडी म्हणाला, "तुझ्या म्हातारीला डायपर लागणार."

"आहेत ना माझ्याकडे, पेटीभर," लोर्ना म्हणाली. आम्ही तिघं हसलो. मग तिने खाली एक जुनं ताट सरकवलं आणि बॉनेट अगदी हळू बंद केलं, झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार लोटावं तसं.

तेव्हापासून ती एका प्लगपासून दुसऱ्या प्लगपर्यंत जगते आहे. गाडी कधी पूर्ण थंड होऊ द्यायची नाही, असा तिने नेमच केला. पहाटे स्वतःच्या आवारातून निघायचं आणि आमच्या ओसरीवरच्या नारिंगी वायरला जोडायचं. वायरचा वेढा आरशावर टाकायचा, म्हणजे निघताना विसरून ती ओढत नेणार नाही. आमच्याकडून निघाली की चर्चमागच्या दोघी बहिणी, त्यांच्या दाराशी सॉकेट आहे. तिथून मिसेस रायमर, तिथेही आहे. प्रत्येक घरी तिने कूलंटची एक बाटली ठेवली आहे. आमची ओसरीत बुटांच्या मागे असते. ती निघताना गाडीत ओतते आणि गाडी ते रस्ताभर सांडत जाते. बर्फावरचे हिरवे ठिपके पाहून गावात कुणालाही कळावं की लोर्ना इकडून गेली. कुणी विचारत नाही. विचारलं तर उत्तर ऐकावं लागेल.

ख्रिसमसच्या आधी मिसेस रायमर गेल्या. लोर्नाचे तास कमी झाले, आणि ते भरून काढायला पॅट्रिसने तिला फ्रीसन म्हातारा दिला. एल्डन फ्रीसनचं शेत नदीपलीकडे आहे. पूल ओलांडला की डांबर संपतं, फोन लागत नाही, आणि बर्फ काढणारं यंत्र दुपारपर्यंत फिरकत नाही. म्हाताऱ्याने गुरं विकली तेव्हा अंगणातली वीजही तोडून घेतली. बाहेर एकही सॉकेट चालू नाही. उद्या लोर्नाचा तिथला पहिला दिवस.

आज सकाळी ती थर्मासमध्ये कॉफी भरत होती तेव्हा मी विषय काढला.

"तिथे दोन तास गाडी उघड्यावर राहील."

"चालू ठेवीन."

"उभी चालू ठेवलीस तर तापेल. सगळं कूलंट खाली पडेल."

"मग मधूनमधून बंद करीन. अगं ग्वेन, तू कॉलेजात काय शिकलीस, काळजी?"

"आमची व्हॅन घेऊन जा."

"आणि याला श्वास लागला तर? खांद्यावर टाकून नेशील?"

"अँब्युलन्स आहे."

"अँब्युलन्स शेजारच्या गावाहून येते. मागच्या वेळी ती येईपर्यंत याचे ओठ कसे झाले होते ते मी पाहिलंय. तूही पाहिलंयस."

"मग नको जाऊस. म्हाताऱ्याला एक दिवस शेजारी बघतील."

"त्याला शेजारी असते तर त्याने संस्थेला कशाला फोन केला असता? तो रात्रभर ओल्यात पडलेला असतो, ग्वेन. सकाळी कुणी गेलं नाही तर दुपारीही ओल्यातच."

"पण लायल म्हणाला..."

"लायल काय म्हणाला ते मला पाठ आहे." तिने थर्मासचं झाकण असं आवळलं की मला वाटलं ते फुटेल. "दुरुस्त होणार नाही, म्हणाला. म्हणून काय टाकून देऊ? होणार नाही असं तुलाही सांगितलंय ना डॉक्टरांनी? तू त्याला सकाळी उठवायचं सोडलंस?"

आतल्या खोलीत ब्रेडीचा टीव्ही चालू होता. त्याचा आवाज एकदम कमी झाला.

लोर्नाचा चेहरा पांढरा पडला. "मी हे बोलायला नको होतं."

"खोटं नाही बोललीस."

"खरं असलं म्हणून काय बोलायचं असतं?" तिने डगला चढवला, ब्रेडीच्या दारात जाऊन "उद्या भेटू, महाराज" म्हणाली, आणि बाहेर पडून आरशावरचा वायरचा वेढा काढला. मी खिडकीतून पाहत होते. तिने वायर नीट गुंडाळून ओसरीच्या खुंटीला अडकवली. जिथे गाडी उभी होती तिथे बर्फ ताटाएवढा हिरवा झाला होता.

ती म्हणाली ते मी दिवसभर उलटसुलट करून पाहिलं. ब्रेडी म्हणजे गाडी नव्हे, असं मी तिला म्हणू शकले असते. पण ती काही दोघांची तुलना करत नव्हती. ती स्वतःबद्दल सांगत होती. जे बरं होणार नाही त्याचं सगळं नीट करायचं, रोज करायचं, एवढंच काम तिने आयुष्यभर केलं. आईचं केलं, वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांचं केलं, माझ्या मुलाचं करते आहे. तिला दुसरं काही येत नाही, आणि माझं घर त्यावरच उभं आहे. फरक एवढाच की त्या गाडीत ती स्वतः बसते.

संध्याकाळी ब्रेडीला मास्क लावायला गेले तेव्हा त्याने डोकं वळवलं, म्हणजे थांब.

"आई, तू पॅट्रिसला फोन करणार आहेस ना?"

"कशाबद्दल?"

"मला स्नायूंचा आजार आहे. कान ठीक आहेत."

मी त्याच्या पलंगाच्या कडेला बसले. "तिचं काम जाईल, ब्रेडी. या वयात तिला दुसरं कोण ठेवणार?"

"माहीत आहे."

"आणि तुझ्यासाठी दुसरं कुणी मिळेलच असं नाही. मिळालं तरी..."

"मला कुणीही चालेल."

तो खोटं बोलत होता. मागच्या वर्षी लोर्नाला फ्लू झाला तेव्हा संस्थेने एक मुलगी पाठवली होती. बिचारी चांगली होती, हात धुऊन, हातमोजे घालून, सगळं नियमाप्रमाणे करायची. ब्रेडीने तिला अंगाला हात लावू दिला नाही. जेवण कमी केलं, म्हणजे बाथरूमला न्यावं लागू नये. लोर्ना परत आली त्या सकाळी आतून पाण्याचा आणि शिव्यांचा आवाज आला, आणि मी भांडी घासत रडले.

"कुणी सांगितलं ते तिला कळेल," मी म्हटलं. "तिघांनाच माहीत आहे. ती पुन्हा आपल्याकडे येणार नाही. भेटायलासुद्धा."

त्याचा श्वास मास्कशिवाय लहान लहान होत चालला होता. "मेणबत्ती किती वेळ जळते, आई?"

"माहीत नाही रे."

"मलाही नाही. तिला विचारायचं राहिलं." मग म्हणाला, "मास्क लाव."

ट्रेंटशी बोलले. खाणीवरून आवाज तुटक येत होता. तो म्हणाला, "तुला काय वाटतं ते कर, मी इथून काय सांगू?" त्याचं बरोबर आहे. दोन्ही बाजूंनी विचार केला तरी चांगलं असं काही निघत नाही. फोन केला तर लोर्ना त्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बसून राहील, खाली गाडी अर्धा तास गरम, अर्धा तास थंड होत राहील, आणि तिला विचारणारं कुणी नसेल. फ्रीसन म्हातारा उद्या ओल्यातच पडून राहील. ब्रेडीला मी उचलायच्या पट्ट्याने एकटी उचलीन, जसं जमेल तसं, आणि तो काही बोलणार नाही. फोन केला नाही तर कदाचित उद्या काहीच होणार नाही. गाडी जाईल, येईल, ती संध्याकाळी म्हणेल, "बघ, उगाच घाबरवत होतीस." मग परवा. मग त्याच्या पुढचा दिवस. हिवाळा अजून पुष्कळ आहे. एका सकाळी पुलापलीकडे ती पुठ्ठा लावलेल्या, तेल दिलेल्या, सगळी तयारी केलेल्या गाडीत डब्यातली मेणबत्ती लावून बसलेली असेल, आणि इथे आम्ही समजू की ती कामावर आहे.

संस्थेचा रात्रीचा फोन या आठवड्यात पॅट्रिसकडेच आहे. ती विचारेल, गाडी कुणी पाहिली? मी लायलचं नाव सांगेन. ती लायलला उठवेल, आणि लायल खोटं बोलणार नाही. लोर्ना पहाटे खाली उतरून प्लग काढायच्या आधी तिच्या घरचा फोन वाजेल. फ्रीसनकडे कुणालातरी पाठवा, एवढं मी पॅट्रिसला सांगेन. ती पाठवेल असं मला वाटत नाही, पण सांगेन.

तो नंबर फ्रिजच्या दारावर चिकटवलेला आहे. ब्रेडी हॉस्पिटलातून घरी आला त्या दिवशी लोर्नानेच तिच्या मोठ्या, तिरक्या अक्षरात लिहिला होता, आणि खाली लिहिलं होतं, रात्री काही वाटलं तर लाजू नकोस, सरळ लाव.

लावते.